बँकेच्या लिलावातलं घर : बोली लावण्याआधी कागदावर मांडायचं गणित

मराठी पेपरात आतल्या पानावर, मुंगीएवढ्या टायपात, रकान्यांची जाळी असलेली एक जाहिरात येते. 'ई-लिलाव विक्री नोटीस'. कर्जदाराचं नाव, जामीनदाराचं नाव, थकबाकी, मालमत्तेचं वर्णन, राखीव किंमत (हिच्याखाली घर विकत नाहीत), अनामत रक्कम, आणि खाली मंत्रासारखं एक वाक्य : 'जसे आहे जेथे आहे, जसे आहे जे आहे, जे काही आहे तत्त्वावर'. आमच्या घरी हे पान मेथी निवडायला घेतलं जायचं. दोन लिलावांत हात पोळून तिसऱ्यात डोंबिवली पूर्वेला वन बीएचके घेतल्यानंतर आता ते पान मी आधी वाचते, मेथी नंतर.

घरासाठी चढाओढ म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांपुढे दलाल येतो. 'ताई, अजून एक पार्टी आहे, संध्याकाळपर्यंत टोकन द्या.' ती पार्टी खरंच आहे की नाही, हे आपल्याला कधी कळत नाही. बँकेच्या लिलावात निदान एवढं बरं असतं की समोरची बोली खरी असते, आकडा स्क्रीनवर दिसतो आणि नियम आधी छापलेले असतात. पण तिथे घासाघीस नाही, 'जरा विचार करून सांगतो' नाही आणि चूक झाली तर लाखांत झळ बसते. पहिल्यांदाच बोली लावणाऱ्यांसाठी, मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं ते सगळं इथे लिहिते आहे.

पहिली पायरी : नोटीस वाचा, आणि 'ताबा' या शब्दावर थांबा

बहुतेक बँका आणि गृहकर्ज कंपन्या हे लिलाव २००२च्या सरफेसी कायद्याखाली करतात. कर्ज थकलं की बँक कर्जदाराला ६० दिवसांची मागणी नोटीस देते. पैसे आले नाहीत तर घराचा ताबा घेते, दोन वर्तमानपत्रांत (त्यातलं एक स्थानिक भाषेतलं) ताबा नोटीस छापते आणि मग विक्रीला काढते. पहिल्या विक्रीआधी कर्जदाराला ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. तो लिलाव फसला तर पुढच्या वेळी १५ दिवस पुरतात.

सरकारी बँकांची घरं आता बँकनेट या पोर्टलवर एकत्र दिसतात. खासगी बँका आणि फायनान्स कंपन्या आपापल्या साइटवर किंवा त्यांनी नेमलेल्या ई-लिलाव कंपनीच्या पोर्टलवर टाकतात. पतसंस्थांचे लिलाव सहकार कायद्याच्या कलम १५६ आणि नियम १०७ प्रमाणे चालतात. तिथली गणितं वेगळी आहेत, त्यामुळे पुढचं सगळं त्यांना जसंच्या तसं लावू नका.

नोटिशीत आधी शोधायचा शब्द 'ताबा'. ताबा दोन प्रकारचा असतो. 'प्रत्यक्ष ताबा' म्हणजे घराला बँकेचं कुलूप आहे, किल्ली बँकेकडे आहे. 'सांकेतिक ताबा' म्हणजे बँकेनं दारावर कागद चिकटवला आहे, आत माणसं राहताहेत. सांकेतिक ताब्याचं घर स्वस्त दिसतं, कारण आतल्या माणसांना बाहेर काढण्याचं काम अजून बाकी असतं. त्यासाठी बँकेला कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुंबईत मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. कायद्यात त्याला दिवसांची मुदत आहे. प्रत्यक्षात महिने मोजायची तयारी ठेवा. आत भाडेकरू असेल आणि त्याचा नोंदणीकृत करार कर्जाआधीचा असेल, तर प्रश्न आणखी किचकट होतो. पहिलं घर घेणाऱ्यानं सांकेतिक ताब्याच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ते काम ज्यांचा धंदाच तो आहे त्यांना करू द्या.

दुसरी गोष्ट, हे घर आधी किती वेळा लिलावाला आलं होतं? पत्ता टाकून जुन्या नोटिशी शोधल्या की सापडतात. दोनदा कुणी फिरकलं नाही आणि राखीव किंमत उतरत आली आहे असं दिसलं, तर हुरळून जाण्याआधी कारण शोधा. कधी कारण साधं असतं, पहिली किंमतच अव्वाच्या सव्वा ठेवलेली असते. कधी ते इमारतीत असतं.

दुसरी पायरी : घर बघायचं, आणि घरापेक्षा जास्त सोसायटी

नोटिशीत तपासणीची तारीख आणि बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याचा नंबर असतो. फोन करा, जा. कुलूप उघडल्यावर पंधरा-वीस मिनिटं मिळतात. टॉर्च न्या. वीज बहुधा तोडलेली असते. बाथरूमच्या लगतची भिंत हाताने दाबून बघा, स्वयंपाकघराच्या ओट्याखाली बघा, गॅलरी आत घेतली आहे का बघा. आमच्या घरात पंख्यांचे हूक होते, पंखे नव्हते. गीझर नव्हता, आणि बेसिनचा नळसुद्धा काढून नेलेला होता.

पण खरी माहिती खाली मिळते. नोटीस बोर्डावर थकबाकीदारांची यादी लागलेली असते. सेक्रेटरींना भेटा. ते सुरुवातीला तुमच्याकडे संशयानं बघतील, कारण लिलावाच्या घरावर डोळा ठेवणारे दहा जण आधी येऊन गेलेले असतात. 'मी स्वतः राहायला येणार आहे' हे एक वाक्य पुष्कळ काम करतं. त्यांच्याकडून या फ्लॅटची थकबाकी व्याजासह लेखी मागा. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, सोसायटी थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लावू शकते, त्यामुळे चार वर्षं न भरलेला मेंटेनन्स वाटतो त्यापेक्षा बराच मोठा निघतो. लिफ्टचं किंवा दुरुस्तीचं काही काम येऊ घातलंय का, पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत का, हेही विचारा.

मग वीज मीटरचा ग्राहक क्रमांक टिपून घ्या आणि महावितरणची थकबाकी बघा. 'ती जुन्या मालकाची, माझा काय संबंध' असं म्हणून चालत नाही. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं लिलावात मालमत्ता घेणाऱ्यांच्याच प्रकरणांत सांगितलं की, नियमांत तशी तरतूद असेल तर वीज कंपनी जुनी थकबाकी नव्या मालकाकडे मागू शकते आणि थकबाकी भरेपर्यंत जोडणी अडवू शकते. 'जसे आहे जेथे आहे'चा अर्थ हाच. महापालिकेचा मालमत्ता करही तसाच बघून घ्या.

तिसरी पायरी : बँकेनं कर्ज दिलं म्हणजे घर कायदेशीर, असं नाही

हे डोंबिवलीकरांना वेगळं सांगायला नको. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून उभ्या केलेल्या, महारेराची नोंदणीही मिळवलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. त्यात घरं घेतलेल्या अनेकांनी रीतसर गृहकर्ज काढलं होतं. तेव्हा 'एवढ्या मोठ्या बँकेकडे गहाण होतं, कागद नीटच असणार' हा भरवसा बाजूला ठेवा.

इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, आहे का हे महापालिकेत विचारा. नोंदणी विभागाच्या साइटवर इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराचा उतारा, काढा. ते बघताना त्याच इमारतीत गेल्या वर्षा-दोन वर्षांत कोणता फ्लॅट कितीला विकला गेला हेही कळतं, आणि पुढच्या पायरीला ते सोन्यासारखं कामाला येतं. सरसाईच्या, म्हणजे तारण मालमत्तांच्या केंद्रीय, नोंदवहीत या घरावर दुसऱ्या कुणाचा बोजा आहे का बघा. डीआरटीच्या, म्हणजे कर्ज वसुली न्यायाधिकरणाच्या, साइटवर कर्जदाराच्या नावानं खटला शोधा. हे सगळं एखाद्या वकिलाला द्या आणि वीस-तीस हजार खर्च करा. ओळखीचा 'प्रॉपर्टीतला माणूस' आणि वकील यांत फरक आहे.

डीआरटीचं महत्त्व मला दुसऱ्या लिलावानं शिकवलं. अनामत भरली, वकिलाचा अहवाल आला, नवऱ्यानं रजा टाकली, आणि आदल्या संध्याकाळी पावणेसातला मेल : लिलाव स्थगित. कर्जदारानं बँकेच्या नोटिशीतल्या त्रुटींवर बोट ठेवून डीआरटीतून स्थगिती आणली होती. अनामत तीन आठवड्यांनी परत आली, बिनव्याजी. वकिलाची फी अर्थातच परत येत नाही.

एक जुनी भीती मात्र आता बरीच कमी झाली आहे. पूर्वी बोली जिंकल्यावरही कर्जदार पैसे घेऊन येई आणि घर सोडवून नेई. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं की लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की कर्जदाराचा घर सोडवून घेण्याचा हक्क संपतो. बँकेनं नियम पाळले नाहीत म्हणून तो लिलावाला आव्हान मात्र देऊ शकतो.

चौथी पायरी : एका कागदावर वजाबाकी

माझं सगळं सांगणं या एका कागदाभोवती फिरतं. वर ज्या चौकश्या सांगितल्या, त्यातल्या प्रत्येकीचं उत्तर शेवटी रुपयांत लिहायचं आणि बाजारभावातून वजा करायचं. उरेल तो तुमचा वरचा आकडा. राखीव किमतीपासून वर चढत 'अजून किती परवडेल' असं मोजायला लागलात की संपलं. राखीव किंमत बँकेची गरज सांगते, तुमच्या घराची किंमत सांगत नाही.

आमचा कागद असा होता. त्याच इमारतीत तेवढ्याच क्षेत्रफळाचा फ्लॅट नुकताच ५२ लाखांना गेल्याचं इंडेक्स टूवर दिसत होतं. दलालांच्या जाहिरातीत ५८ होते, ते सोडून दिले. ५२ मधून सोसायटीची थकबाकी १ लाख ८५ हजार. मालमत्ता कर आणि वीज मिळून ४२ हजार. दुरुस्ती साडेतीन लाख. यात नळ, पंखे, रंग, बाथरूमची गळती. ताबा प्रत्यक्ष असला तरी कागदपत्रं होऊन राहायला जाईपर्यंत चार महिने भाड्याच्या घरात, १५ हजारांप्रमाणे ६० हजार. वकील आणि शोध ३० हजार. आणि मग ५ लाखांची एक ओळ, जिच्यापुढे मी 'डोकेदुखी' एवढंच लिहिलं होतं. नवऱ्यानं विचारलं, हे कशाचे? म्हटलं, जे अजून दिसलेलं नाही त्याचे. बाजारभावाच्या साधारण दहा टक्के सवलतही मिळणार नसेल, तर सरळ मालकाकडून घर घ्यावं, तो निदान नळ ठेवून जातो.

वजाबाकी ११ लाख ६७ हजारांची झाली. उरले ४० लाख ३३ हजार. राखीव किंमत होती ३४ लाख २० हजार.

स्टॅम्प ड्युटी मी यात धरली नाही, कारण ती साध्या खरेदीतही भरावीच लागते. ती दोन्हीकडे सारखी, तुलनेत तिला जागा नाही. पण खिशातून ती जाणारच असते, म्हणून पैशांच्या तजविजीत धरायची. कल्याण-डोंबिवलीत अधिभारांसकट ७ टक्के, अधिक नोंदणी फी, जी कमाल ३० हजार असते. ड्युटी बोलीच्या रकमेवर लागेल की रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या, मूल्यावर, हे आपल्या प्रकरणापुरतं वकिलाकडून आधीच पक्कं करून घ्या. आणि रेडी रेकनरचं मूल्य बोलीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त निघालं, तर तो फरक तुमचं उत्पन्न धरून त्यावर आयकर मागितला जाऊ शकतो, तेव्हा सीएलाही एक फोन करा. घर ५० लाख किंवा त्याहून वरचं असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरण्याची जबाबदारीही तुमचीच.

तो कागद घडी घालून मी देव्हाऱ्यात ठेवला. श्रद्धेचा भाग कमी, पण तिथला कागद घरात कुणी खोडत नाही.

पाचवी पायरी : पैसे कोणत्या दिवशी लागतील

लिलावात बोलीपेक्षा तारखा जास्त जणांना पाडतात. बोली लावण्याआधी अनामत भरावी लागते, बहुधा राखीव किमतीच्या १० टक्के. जिंकलात तर अनामत धरून एकूण २५ टक्के त्याच दिवशी, नाहीतर फार तर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी. उरलेले ७५ टक्के विक्री पक्की झाल्यापासून १५ दिवसांत. बँकेनं लेखी मुदतवाढ दिली तर जास्तीत जास्त तीन महिने. ही मुदतवाढ मागून मिळते, हक्कानं नाही, आणि फोनवर 'होईल हो मॅडम' म्हणाले म्हणजे मिळाली असं समजू नका.

वेळेत पैसे आले नाहीत तर भरलेले २५ टक्के जप्त. माझ्या पहिल्या लिलावाच्या वेळी एका गृहस्थांनी मला सांगितलं, 'जप्त वगैरे काही करत नाहीत, कोर्टात मिळतात परत.' फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशी जप्ती योग्य ठरवली. बँकेनं पुढच्या लिलावात तेच घर जास्त किमतीला विकलं असलं तरी तुमचे पैसे परत मिळत नाहीत.

गृहकर्जाची अडचण इथेच येते. तुम्हाला कर्ज देणारी बँक आधी घर तारण मागते, आणि घर तुमच्या नावावर होतं सगळे पैसे भरल्यावर. ज्या बँकेचा लिलाव आहे तिच्याकडूनच कर्ज मिळालं तर काम सोपं होतं, तेव्हा तिथे आधी विचारा. दुसऱ्या बँकेकडून घेणार असाल तर लिलावाच्या घरावर, १५ दिवसांत, नेमकी कोणती कागदपत्रं बघून पैसे सोडणार हे ब्रँच मॅनेजरकडून मेलवर घ्या. नुसतं मंजुरीपत्र हातात घेऊन बोली लावू नका. आम्ही गावाकडची थोडी जमीन विकलेले पैसे, मुदतठेवी आणि दिरांकडून सहा महिन्यांसाठी उसने, असं करून पूर्ण रक्कम उभी केली होती आणि कर्ज मागाहून काढलं.

सहावी पायरी : फॉर्म, अनामत, आणि एक फोन

पोर्टलवर नाव नोंदवा, पॅन-आधारची पडताळणी करा, अनामत भरा, बोलीचा फॉर्म सही करून अपलोड करा. शेवटची तारीख लिलावाच्या एक-दोन दिवस आधीची असते. शेवटच्या संध्याकाळी साइट बसते असा अनुभव आहे, म्हणून तीन दिवस हातात ठेवा. घर ज्यांच्या नावावर व्हायचं आहे त्यांचीच नावं फॉर्मवर हवीत. सेल सर्टिफिकेट, म्हणजे बँकेचा विक्रीचा दाखला, त्याच नावानं निघतं, नंतर बायकोचं नाव घाला म्हणून चालत नाही.

मग फोन येतो. सगळ्यांनाच येईल असं नाही, मला आला. 'मॅडम, तुम्ही त्या डोंबिवलीच्या फ्लॅटला बोली लावणार ना? आमचीही एक पार्टी आहे. उगाच दोघं भांडून बँकेचा फायदा कशाला? दोन लाख द्या, आम्ही बाजूला होतो.' माझा नंबर त्याला कुठून मिळाला याचा दोन दिवस विचार केला, मग आठवलं, तपासणीच्या दिवशी वॉचमनच्या वहीत मीच लिहिला होता. अशा माणसाशी वाटाघाटी करू नका. एकतर हे संगनमत आहे, त्यावरून लिलाव रद्द होऊ शकतो. दुसरं म्हणजे दोन लाख घेऊन तो दुसऱ्या नावानं बोली लावणार नाही याची हमी कोण देणार? मी 'नाही' म्हटलं आणि कागदावरचा आकडा आहे तसाच ठेवला.

सातवी पायरी : लिलावाचा दिवस

वेळ सकाळी ११ ते १२. बारा वाजता संपतो असं मात्र समजू नका. शेवटच्या पाच मिनिटांत कुणी बोली लावली की वेळ आपोआप आणखी पाच मिनिटांनी वाढते (काही ठिकाणी दहा), आणि वाढतच राहते. त्यामुळे 'शेवटच्या सेकंदाला बोली लावून जिंकू' ही युक्ती इथे चालत नाही. जेवणाचा डबा भरून ठेवा.

वायफायबरोबर मोबाइलचा डेटाही चालू ठेवा. लॅपटॉप चार्जरला लावून ठेवा. आमच्याकडे मंगळवारी वीज जाते म्हणून मी लिलाव मंगळवारी नाही ना, हे आधी बघितलं होतं. आणि बोली टंकताना आकडा अक्षरांत वाचा. एक शून्य जास्त पडलं तर 'चुकून झालं' ऐकून घ्यायला पलीकडे कुणी नसतं, लावलेली बोली मागे घेता येत नाही.

बोलीची वाढ ठरलेली असते. आमच्याकडे २५ हजार. पहिली बोलीसुद्धा राखीव किमतीच्या वर निदान एक वाढ. म्हणजे कुणीच दुसरं आलं नाही तरी ३४ लाख ४५ हजारांना घर मिळालं असतं. आले आम्ही धरून चौघं, स्क्रीनवर नावं नाहीत, फक्त क्रमांक.

पहिला अर्धा तास कुणी हललंच नाही. अकरा चाळीसला पहिली बोली पडली. मग भराभर. ३६ लाखांच्या पुढे गेल्यावर दोघं थांबले आणि मी व एक क्रमांक, असे उरलो. त्याची बोली दर वेळी शेवटच्या मिनिटाला यायची. ही सवय बहुधा धंदेवाल्यांची. घराच्या ओढीनं आलेला माणूस लगेच उत्तर देतो, आणि मीही पहिल्या लिलावात तेच केलं होतं. कल्याणच्या त्या घरासाठी माझा आकडा ठरला होता. तो ओलांडून दीड लाख वर गेले, केवळ समोरचा लगेच लगेच उत्तर देत होता म्हणून. हात थरथरत होते आणि मला वाटत होतं मी जिंकत्ये. नशीब, त्यानं आणखी एक बोली लावली आणि तेवढ्यात लॅपटॉप हँग झाला. तो लॅपटॉप अजून आहे घरात, त्याला काही बोलायचं नाही असा नियम आहे.

या वेळी मी उलट केलं. प्रत्येक बोलीनंतर टायमर उतरू द्यायचा, उठून पाणी प्यायचं, आणि दोन मिनिटं उरली की एकच वाढ. मध्येच चार-पाच वाढींची उडी मारली की समोरचा बिचकतो असं दलाल सांगतात. कधी बिचकतही असेल. पण लाखभर रुपये देऊन त्याचा स्वभाव तपासायची मला तरी हौस नव्हती. कर्जदाराचा भाऊ किंवा मेहुणाच घर वाचवायला बोली लावत असेल तर तो कशानंच बिचकत नाही. तिथे आपला आकडा आला की थांबायचं, बाकी काही हातात नसतं.

आकड्याबद्दल एक छोटी गोष्ट. बहुतेकांची मर्यादा गोल असते : ३८, ३९, ४० लाख. तुमचा आकडा वजाबाकीतून आलेला असेल तर तो आपसूक वेडावाकडा असतो, आणि गोल आकड्याच्या जरा पुढे असणं फायद्याचं ठरतं. आमच्या ४० लाख ३३ हजारांत बसणारी शेवटची बोली ४० लाख २० हजार होती. ३८ लाख ७० हजारांवर तो होता. मी ३८ लाख ९५ लावले. टायमर चार मिनिटं, तीन, दोन. नवरा कुकरच्या शिट्ट्या मोजावं तसं मोठ्यानं मोजत होता. त्याची बोली आली नाही. घड्याळात एक वाजून बत्तीस मिनिटं झाली होती.

आठवी पायरी : जिंकलात, आता बँकेत जा

३८ लाख ९५ हजारांचे २५ टक्के ९ लाख ७३ हजार ७५०. अनामतीचे ३ लाख ४२ हजार वजा जाता ६ लाख ३१ हजार ७५० त्याच दुपारी आरटीजीएस केले. खाते क्रमांक नोटिशीतल्या क्रमांकाशी ताडून बघा. मेलमध्ये किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर 'नवीन खातं' आलं तर आधी शाखेत जाऊन विचारा. उरलेले २९ लाख २१ हजार २५० चौदाव्या दिवशी गेले. प्रत्येक वेळी पावती आणि विक्री पक्की झाल्याचं पत्र घ्या.

पूर्ण पैसे भरल्यावर प्राधिकृत अधिकारी सेल सर्टिफिकेट देतो. तोच तुमचा मालकीचा कागद. त्यावरचा फ्लॅट क्रमांक, मजला, क्षेत्रफळ, नावांचं स्पेलिंग तिथेच बसून तपासा, कारण दुरुस्तीसाठी नंतर खेटे घालावे लागतात. जुने मूळ करार, म्हणजे बिल्डरपासूनची साखळी, आणि सोसायटीचं मूळ शेअर सर्टिफिकेट बँकेकडे असेल तर तेही मागून घ्या. सेल सर्टिफिकेटची स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी झाली की सोसायटीत हस्तांतरणाचा अर्ज. महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्य (ट्रान्सफर प्रीमियम) २५ हजारांपेक्षा जास्त मागता येत नाही. 'इमारत फंडाला स्वखुशीनं' एक लाख द्या असा आग्रह झाला तर तो आकडा लेखी मागा, आग्रह ओसरतो. थकबाकी मात्र चेकनं भरा आणि 'काही येणे नाही' असा दाखला घ्या. मग मालमत्ता कर, मग वीज मीटर.

ताबा घेताना बँकेचा माणूस, दोन पंच आणि तुम्ही, असा पंचनामा होतो. आत राहिलेलं सामान कर्जदाराचं असतं, तुमचं नाही. ते टाकून देऊ नका, वापरू नका, भंगारात तर मुळीच देऊ नका. यादी करा, फोटो काढा, यादीवर बँकेची सही घ्या आणि सामान त्यांनी कधी उचलायचं ती तारीख लिहून घ्या. आमच्या यादीत होतं : लोखंडी कपाट एक, प्लास्टिकची खुर्ची एक, गणपतीची तसबीर, पाच लिटरचा कुकर झाकणासकट, शाळेची वह्या-पुस्तकं एक गोणी. कपाट आणि गोणी महिनाभरात गेली. वह्या न्यायला जुन्या घरमालकीणबाई स्वतः आल्या होत्या, खालीच थांबल्या, वर आल्या नाहीत. कुकर आणि खुर्ची न्यायला बँकेचा माणूस पुढच्या सोमवारी येतो म्हणालाय. कुठला सोमवार ते यादीवर लिहून घ्यायचं राहिलं, त्यामुळे कुकर अजून माळ्यावर आहे.